वाळवंटाच्या देशी जाताना

दिवाळीच्या अंकात रोगांची आणि औषधांची नावे घेऊन वाचकांचे तोंड कडू करू नये, असा एक संकेत आहे. तो मोडण्याचा विचार नाही. परंतु फराळाचे डबे भरताना कितीतरी घरांतून एक डबा वेगळा काढून ठेवला जातो. तो दुबईला, शारजाला किंवा अबुधाबीला जावयाचा असतो. मुलगा तिकडे नोकरीला, सून तिकडे, नातवंडे तिकडच्याच शाळेत. आणि फोनवर दर आठवड्याला आग्रह चालू, "आई-बाबा, या ना दोन-तीन महिने!" आता या वर्षी जायचेच, असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्यासाठी या वेळचे हे सदर.

मुंबईहून विमानात बसले की सुमारे तीन तासांत दुबई येते. घड्याळ दीड तास मागे घेतले की झाले. पुण्याहून कोल्हापूरला मोटारीने जाण्यास याहून अधिक वेळ लागतो. अंतर इतके थोडे, तिकडे मराठी-हिंदी बोलणारी माणसे भरपूर, दुकानात थालीपिठाची भाजणीसुद्धा मिळते. त्यामुळे आपण परमुलुखात आलो आहोत हे मनाला पटतच नाही. शरीराला मात्र ते पटवून घ्यावेच लागते. अरबस्तानचे वाळवंट हे जगातील अत्यंत उष्ण प्रदेशांपैकी एक आहे. जून ते सप्टेंबर या काळात तिथे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जाणे ही नित्याची गोष्ट, आणि किनाऱ्यावरच्या गावांत मध्यरात्रीही तो तिशीच्या आसपास रेंगाळत असतो.

"अहो, आम्हांला उन्हाचे काय कौतुक? आम्ही चंद्रपूरचे!" असे कुणी म्हणेल. चंद्रपूर-नागपूरच्या माणसाला उन्हाळा शिकवावयास नको हे खरे. पण उन्हाची सवय आहे म्हणून ऊन बाधत नाही, असे कुणी समजू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभात तासन् तास उन्हात बसलेल्यांपैकी चौदा माणसे उष्माघाताने दगावली. त्या दिवशी पारा चाळिशीलाही पोचला नव्हता, आणि ती सारी इथलीच माणसे होती. पुढच्याच वर्षी, जून २०२४ मध्ये, मक्केच्या हज यात्रेत तेराशेहून अधिक यात्रेकरूंचा मृत्यू झाल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. त्यांतील बहुतेक जण नोंदणी न करता आलेले होते. त्यांना राहुटीचा आसरा नव्हता, आणि ते भर उन्हात लांबचे अंतर चालत होते. म्हणजे ऊन किती होते, याइतकेच सावली, पाणी आणि वेळ यांनाही महत्त्व आहे. पहिली गोष्ट आपल्या हाती नाही. बाकीच्या तीन आहेत.

माठाचे शास्त्र

उन्हाळ्यात आपण घरात माठ भरून ठेवतो. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, ते वाऱ्याने सुकते, आणि सुकताना आतल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते. म्हणून पाणी गार होते. आपले शरीर हा असाच एक माठ आहे. बाहेरची हवा त्वचेपेक्षा थंड असेल तोवर शरीरातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा त्वचेपेक्षा तापली, म्हणजे साधारण पस्तीस अंशांच्या वर गेली, की ती वाट बंद होते आणि उलट बाहेरची उष्णता आत शिरू लागते. अशा वेळी शरीराच्या हाती एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवर सुकला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उन्हात चालणाऱ्या माणसाला तासाभरात एवढा घाम सहज येऊ शकतो.

आता माठाचा दुसरा गुण आठवा. मे महिन्यात नागपूरला माठातले पाणी बर्फासारखे लागते. जुलैत मुंबईला तोच माठ नुसता ओला राहतो, पाणी कोमटच. हवा दमट असली की पाणी सुकत नाही आणि गारवा येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत हे दोन्ही प्रकार एकाच देशात, दोन तासांच्या अंतरावर सापडतात.

आतल्या भागात, म्हणजे अल ऐनकडे किंवा लिवाच्या वाळूत, हवा कोरडी. तिथे घाम येतो आणि दिसण्याआधीच सुकून जातो. अंग कोरडेच राहते, मग माणूस म्हणतो, "छे, मला घाम कुठे आलाय?" संध्याकाळी सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग दिसतात, तेव्हा दिवसभर किती पाणी गेले ते कळते.

किनाऱ्यावर, म्हणजे दुबई, शारजा, अबुधाबीत, भर उन्हाळ्यात समुद्राची वाफ हवेत भरून राहते. तिथे घाम निथळतो पण सुकत नाही. पाणी जाते ते जातेच, आणि गारवाही मिळत नाही. पारा अल ऐनपेक्षा चार अंशांनी कमी दिसला तरी शरीराला ताप अधिक होऊ शकतो. तेव्हा नुसता तापमानाचा आकडा पाहून बाहेर पडू नये. हवेतील दमटपणाही विचारावा.

पंख्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. आपल्याकडे पंखा म्हणजे उन्हाळ्यावरचा रामबाण. परंतु हवाच चाळीस अंशांच्या वर तापलेली असेल, तर पंखा अंगावर गरम झोत मारतो. अशा वेळी अंगावर ओला पंचा घ्यावा किंवा थंड खोलीत जावे.

तहान उशिरा येते

या सदराचे सगळे सांगणे एका वाक्यात सांगावयाचे तर ते असे: वाळवंटात तहान लागण्याची वाट पाहू नका.

तहान ही शरीराची तक्रार आहे, आणि ती उशिराच येते. लागली तोवर शरीरातील पाणी कमी झालेले असते. तरुण माणसात निदान ती लागते तरी. साठीच्या पुढे तहानेची जाणीवच मंद होत जाते. पाण्याची ओढ शरीराला असते, पण ती मनापर्यंत पोचत नाही. त्यात वातानुकूलित घर. आत गारवा, अंगाला घाम नाही, मग पाण्याची आठवण कोण करणार?

याशिवाय आणखी एक कारण आहे. त्याविषयी घरात कुणी मोकळेपणी बोलत नाही. आपल्याकडील कितीतरी आया, मावश्या, सासवा प्रवासाला निघाल्या की मुद्दाम पाणी पीत नाहीत. वाटेत बाथरूमला जावे लागेल, मुलाला गाडी थांबवावी लागेल, सुनेला विचारावे लागेल, हा संकोच. एस.टी.च्या प्रवासात लागलेली ही सवय दुबईच्या मोटारीतही जात नाही. सकाळी चहाचा एक कप, दुपारी जेवणाबरोबर भांडेभर पाणी, आणि दिवसभर हिंडणे! संध्याकाळी डोके दुखते, चक्कर येते, आणि "वय झाले" म्हणून ती गोष्ट सोडून दिली जाते. बहुतेक वेळा वयापेक्षा पाणीच कारण असते. मुलांनी आणि सुनांनी ही गोष्ट ओळखून आधीच सांगून टाकावी, "आई, इथे मॉलमध्ये, पेट्रोलपंपावर, सगळीकडे स्वच्छ सोय आहे. तुम्ही मनसोक्त पाणी प्या." एवढ्या एका वाक्याने फार मोठे काम होते.

पाणी किती प्यावे? ठरावीक लिटरांचा आकडा सर्वांना लागू पडत नाही. सोपी खूण लघवीच्या रंगाची. ती वाळल्या गवतासारखी फिकट असेल तर ठीक. कोऱ्या चहासारखी गडद झाली, किंवा चार-सहा तासांत झालीच नाही, तर पाणी कमी पडले आहे असे समजावे. बाहेर पडण्यापूर्वी एक भांडे, बाहेर असताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार-सहा घोट, घरी आल्यावर पुन्हा एक भांडे, ही सवय ठेवावी. एकदम तांब्याच्या तांब्या रिचवू नये. तासाला दीड लिटरहून अधिक साधे पाणी सतत पीत राहिले, तर रक्तातील मीठ पातळ होऊन वेगळेच दुखणे उभे राहते. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे आणि डॉक्टरांनी पाणी मोजून प्यावयास सांगितले आहे, त्यांनी निघण्यापूर्वीच विचारावे, "तिकडच्या हवेत माझे माप किती?"

घामाबरोबर मीठही जाते. ते भरून काढण्यासाठी आपल्या घरातीलच पेये उत्तम: मीठ घातलेले ताक, लिंबाचे सरबत, कोकम, कैरीचे पन्हे. मिठाच्या गोळ्या गिळू नयेत. अशक्तपणा वाटला किंवा जुलाब-उलट्या झाल्या, तर ओ.आर.एस.ची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून घ्यावी. पुडी नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. या साध्या पेयाचा मोठा पडताळा आपल्याच देशात मिळाला. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेवाटे द्यावयाचे पाणी अपुरे पडले म्हणून हे मीठ-साखरेचे पाणी तोंडाने देण्याची व्यवस्था केली आणि असंख्य प्राण वाचवले. पिशवीत दहा पुड्या टाकल्या तर वजन किती होणार?

आणि खिशातला कांदा? उन्हाळ्यात खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असा विदर्भात समज आहे. कांद्याने अपाय काही नाही. पण त्याच्या भरवशावर कुणी टोपी आणि पाण्याची बाटली घरी ठेवू नये.

केव्हा जावे, केव्हा बाहेर पडावे

निवड आपल्या हाती असेल तर नोव्हेंबर ते मार्च या काळात जावे. हवा सुखद असते, संध्याकाळी पातळ शाल लागते. वाळवंटाचे खरे जाणकारही ऋतू पाहूनच निघत. विल्फ्रेड थेसिजर या इंग्रज प्रवाशाने बदू सोबत्यांबरोबर उंटावरून रुब अल खालीचे महावाळवंट दोनदा ओलांडले, ते हिवाळ्याच्या सुमारासच. वीज येण्यापूर्वी किनाऱ्यावरची कितीतरी कुटुंबे भर उन्हाळ्यात समुद्रकाठ सोडून आतल्या खजुरीच्या मळ्यांत राहावयास जात. उरलेल्यांची घरे जाड भिंतींची, आणि छपरावर वारा पकडून खाली सोडणारे मनोरे. दुबईच्या जुन्या अल फहिदी भागात ते मनोरे आजही पाहावयास मिळतात. त्यांना 'बर्जील' म्हणतात.

पण आपल्याकडे मुलांच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये, आणि तिकडच्या मुलांच्या जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा उन्हाळ्यात जावेच लागते. मग दिवसाचा क्रम बदलावा. हिंडणे-फिरणे सकाळी आठाच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. मधला वेळ घरात. तिकडच्या सरकारनेच १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरील मजुरीला बंदी घातलेली आहे. वर्षानुवर्षे उन्हात राबणाऱ्या मजुरांनाही ज्या वेळी सावलीत बसवितात, त्या वेळी कालच विमानातून उतरलेल्या आजोबांनी खरेदीला पायी निघू नये, हे सांगावयास डॉक्टर कशाला हवा?

पहिले आठ-दहा दिवस तर विशेष जपावे. शरीर नव्या उन्हाला सरावते. घाम लवकर येऊ लागतो, घामातील मीठ कमी होते, रक्तातील पाण्याचा साठा वाढतो. पण या सगळ्याला एक ते दोन आठवडे लागतात. आपल्याकडील बरेच पाहुणे नेमके पहिल्या आठवड्यातच सगळी प्रेक्षणीय स्थळे उरकून घेतात. हा क्रम उलटा करावा. पहिला आठवडा नातवंडांचा, दुसरा स्थळांचा.

कपडे, चपला आणि गार खोल्या

अंग उघडे ठेवले म्हणजे गार वाटते हा गैरसमज आहे. तिकडचे पुरुष पायघोळ पांढरा कंदुरा घालतात, डोक्यावर रुमाल घेतात, ते उगाच नव्हे. कपडा सैल, पूर्ण बाह्यांचा, सुती असावा. आतून हवा खेळली पाहिजे. रंगापेक्षा सैलपणाला महत्त्व अधिक. बदू लोकांचे काळे झगे उन्हात कसे चालतात याचा अभ्यास १९८० मध्ये 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काळा झगा उष्णता जास्त घेतो, पण ती त्वचेपर्यंत पोचण्याआधीच आतल्या हवेबरोबर निघून जाते; पांढऱ्या आणि काळ्या झग्यात शरीराला पोचणारी उष्णता सारखीच भरली. तेव्हा आपल्या आजीबाईंना त्यांचे सुती नऊवारी उत्तम. वर एक छत्री दिली की झाले.

पायांकडे मात्र मधुमेहाच्या रोग्यांनी अवश्य पाहावे. ज्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना तापलेल्या वाळूवर किंवा पोहण्याच्या तलावाकाठच्या फरशीवर अनवाणी चालताना चटका कळतच नाही. रात्री फोड दिसतात, आणि मधुमेह्याच्या पायाची जखम म्हणजे महिन्यांचे दुखणे. देवळात चप्पल काढावी लागते, तिथे पायमोजे असू द्यावेत. अबुधाबीला २०२४ मध्ये झालेले स्वामिनारायण मंदिर पाहावयास बहुतेक मराठी पाहुणे जातातच; त्यांनी सकाळची किंवा संध्याकाळची वेळ धरावी.

बाहेर पंचेचाळीस अंश आणि दुकानात बावीस, अशी उडी दिवसातून दहा वेळा मारावी लागते. दमेकऱ्यांना आणि सांधेदुखी असणाऱ्यांना ती जाणवते. पिशवीत एक पातळ शाल असावी. घामाने भिजलेल्या कपड्यांनी थेट गार झोताखाली बसू नये.

वाळूचे वारे सुटले की आकाश मातकट होते. अशा दिवशी दमा असलेल्यांनी घरातच राहावे, खिडक्या लावून घ्याव्यात, आणि श्वासाने घ्यावयाचे औषध हाताशी ठेवावे.

औषधांची पिशवी

इथे दोन गोष्टी आहेत, एक प्रकृतीची आणि एक कायद्याची.

प्रकृतीची अशी. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवून काम करतात. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. दोन्ही प्रकारांत शरीरातले पाणी जाते. घामाने आधीच पाणी कमी झाले असता रक्तदाब एकदम उतरून अंथरुणातून उठताना माणूस पडतो. सर्दी-खाजेवरच्या आणि मानसिक विकारांवरच्या काही औषधांनी घामच कमी येतो. म्हणून निघण्यापूर्वी महिनाभर आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे सगळ्या गोळ्यांची पाकिटे घेऊन जावे आणि मात्रा बदलावी का हे विचारावे. मात्र स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नये.

इन्सुलिन उन्हात बिघडते आणि गोठले तरी बिघडते. ते विमानात हातातल्या पिशवीत ठेवावे, सामानात टाकू नये. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तर पाच मिनिटेही ठेवू नये. बर्फाला थेट लावूनही ठेवू नये.

कायद्याची गोष्ट अधिक कडक आहे. आपल्याकडे सहज लिहून दिली जाणारी काही औषधे तिकडे नियंत्रित यादीत आहेत: कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी, डायझेपाम व अल्प्राझोलाम या झोपेच्या-काळजीच्या गोळ्या, नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन. यांतील एखादे औषध चालू असेल, तर प्रवासापूर्वीच तिकडच्या सरकारची परवानगी घ्यावी लागते. मुलाकडून ती आधी मागवून घ्यावी. किती दिवसांचे औषध नेता येते यालाही मर्यादा आहे. सगळीच औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. चिठ्ठीवर औषधाचे व्यापारी नाव न लिहिता मूळ नाव लिहून घ्यावे. शेजाऱ्यांनी "माझ्या पुतण्याला एवढ्या गोळ्या पोचवा" म्हणून दिलेले पुडके गोडीगुलाबीने परत करावे.

आणि आता दिवाळीची गोष्ट. खसखस हा आपल्या स्वयंपाकघरातील निरुपद्रवी जिन्नस. पण अमिरातीत ती निषिद्ध पदार्थांत मोडते, कारण ती अफूच्या झाडाचे बी. अनारशाला खसखस, करंजीच्या सारणात खसखस, म्हणजे फराळाचा डबा उघडताच पंचाईत! तिकडे पाठवावयाच्या अनारशांना खसखस लावूच नये, आणि सारणात खोबऱ्यावर भागवावे. विड्याची पानेही तिकडे चालत नाहीत. आजोबांनी चंची घरीच ठेवावी.

परदेशातील दवाखान्याचा खर्च मोठा असतो. म्हणून प्रवासाचा विमा उतरवावा, आणि आधीपासूनचे रक्तदाब-मधुमेहासारखे विकार त्यात धरले आहेत की नाहीत, हे वाचून घ्यावे.

वाळूतली सहल आणि उंट

वाळूच्या टेकड्यांवरून मोटार वरखाली उडवीत नेण्याची सहल तरुणांना फार आवडते. गरोदर स्त्रियांनी, हृदयविकार किंवा मणक्याचे दुखणे असणाऱ्यांनी त्या मोटारीत बसू नये. साध्या रस्त्याने तळावर जाऊन सूर्यास्त पाहावा, तो काही कमी सुंदर नसतो. रात्री वाळूत चालताना बंद बूट आणि हातात विजेरी असावी; तळावर काढून ठेवलेले बूट झटकल्याशिवाय घालू नयेत. विंचू तर आहेतच, आणि आपल्या कोकणात दहशत असलेल्या फुरशाच्या जातीचा साप तिकडच्या वाळूतही आहे.

उंटाविषयी थोडे अधिक. २०१२ साली सौदी अरबस्तानात 'मर्स' या नव्या श्वसनविकाराचा शोध लागला. त्याचा विषाणू उंटांत सापडतो. माणसांत त्याचे रुग्ण थोडेच, पण नोंद झालेल्या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश दगावले आहेत. मधुमेह, मूत्रपिंडाचे किंवा फुफ्फुसाचे जुने दुखणे असणाऱ्यांनी उंटाला लांबूनच नमस्कार करावा. इतरांनीही हात लावल्यास साबणाने हात धुवावेत, आणि उंटिणीचे न तापवलेले दूध पिऊ नये. परत आल्यावर दोन आठवड्यांच्या आत ताप-खोकला झाला, तर डॉक्टरांना "मी आखातातून आलो आहे" हे आपण होऊन सांगावे.

लहान मुले

मूल मोटारीत झोपले आहे, दोन मिनिटांत दूध घेऊन येतो, असे कधीही करू नये. उन्हात उभ्या मोटारीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान दहा-अकरा अंशांनी वाढते, आणि लहान मुलाचे अंग मोठ्यापेक्षा लवकर तापते. बागेतील घसरगुंडी, मोटारीच्या पट्ट्याचे धातूचे टोक यांना आधी आपला हात लावून पाहावा. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे पाणी नको. आईने अंगावर वारंवार पाजावे आणि स्वतः भरपूर पाणी प्यावे.

ऊन लागल्यास

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायांत गोळे, अंग गार व घामट, ही पहिली पायरी. लगेच सावलीत वा थंड खोलीत न्यावे, आडवे करून पाय उंच करावेत, कपडे सैल करावेत, अंग ओले करून वारा घालावा, आणि शुद्धीवर असल्यास घोट-घोट सरबत द्यावे. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर डॉक्टर.

दुसरी पायरी प्राणावरची. माणूस असंबद्ध बोलू लागतो, भलत्यालाच हाक मारतो, चालताना झोक जातो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते. अंग भट्टीसारखे तापलेले असते. त्वचा कोरडी असेल किंवा घामाने भिजलेलीही असेल. घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नये. हा उष्माघात. अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी ९९८ हा क्रमांक फिरवावा, आणि ती येईपर्यंत एक क्षणही वाया न घालवता शरीर थंड करावे: डोक्यापासून पायांपर्यंत पाणी ओतावे, जोराने वारा घालावा, मान, काखा व जांघा यांत कपड्यात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. तापाची गोळी देऊ नये. हा ताप त्या गोळीने उतरत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. पहिल्या काही मिनिटांत शरीर थंड करण्यावरच सारे अवलंबून असते. म्हणून हा एवढा परिच्छेद घरातील प्रत्येकाने, दहा वर्षांच्या नातवानेसुद्धा, वाचून ठेवावा.

शेवटी

इतके वाचून "नकोच ती दुबई!" असे कुणी म्हणू नये. कित्येक वर्षांत नातवंडांना मांडीवर घेतलेले नसते; ते सुख कोणत्याही औषधाच्या पेटीत मिळत नाही. अवश्य जा. जाताना डॉक्टरांची चिठ्ठी, गोळ्यांची मूळ पाकिटे, विम्याचा कागद, ओ.आर.एस.च्या पुड्या, छत्री, पातळ शाल, पायमोजे आणि हाताशी राहील अशी पाण्याची बाटली, एवढे आधी पिशवीत भरा, फराळ त्यानंतर. रमझानचा महिना असेल तर दिवसा चारचौघांत खाणे-पिणे टाळावे, पण पाणी बंद करू नये. आडोशाला जाऊन प्यावे.

आणि तिकडे राहणाऱ्या मुला-सुनांना एकच विनंती. आई-वडील तुमच्याकडे पाहुणे म्हणून येतात, तेव्हा ते तक्रार करीत नाहीत. "मला काही नको, तुम्ही तुमची कामे करा," हे त्यांचे ठरलेले वाक्य. ते ऐकून स्वस्थ बसू नका. कामावरून दुपारी एकदा फोन करा आणि जेवण झाले का हे विचारण्याआधी विचारा, "बाबा, पाणी प्यायलात का?"

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची आणि आरोग्याची जावो.